रातपाळीवाल्याच्या घरात हरवलेला आवाज

“खोका,” डॉक्टर म्हणाले. मी खोकले. “बघा, खोकल्याला आवाज आहे. घसा शाबूत आहे तुमचा. ह्याला फंक्शनल अफोनिया म्हणतात. म्हणजे घशात बिघाड काही नाही, मनानंच आवाज अडवून धरलाय.”

मला रागच आला. गुढीपाडव्यापासून तोंडातून नुसती कुजबुज निघतेय आणि हा माणूस म्हणतो बिघाड नाही! म्हणजे मी सोंग करते की काय? सासूबाईंचंही तेच म्हणणं होतं. दिवाळीपर्यंत धड बोलली नाही तर माहेरी धाडून द्या, मुकी सून घेऊन काय करायचंय, असा त्यांचा गावाहून निरोप आला होता. सोंगाचं मी डॉक्टरांना कुजबुजत विचारलं.

“सोंग माणूस ठरवून करतो,” ते म्हणाले. “तुम्ही ठरवलंय का?”

तुमच्यापैकी कुणावर मनाच्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर आधीच सांगते. तिथं सुई टोचत नाहीत, दर वेळी औषधही देत नाहीत. मी तर चिंचवडहून पुण्याला जाताना औषधासाठी रिकामी बाटली धुऊन नेली होती! ती पिशवीतच राहिली. तिथं बसायचं आणि बोलायचं. बोलायला काही सुचलं नाही तरी ठरलेला तास तुमचाच असतो. वार मात्र चुकवायचा नाही. तिथं जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे, आणि आतलं बोलणं डॉक्टर घरच्यांनाही सांगत नाहीत.

आणि हो, सोबत आलेल्या माणसाला बाहेर बसवतात. आमच्याकडे बाईमाणूस दवाखान्यात एकटं जात नाही. तिचं दुखणंसुद्धा नवराच सांगतो. आमच्या ह्यांनी तसंच सुरू केलं, तर डॉक्टरांनी त्यांना सरळ बाहेरच्या बाकावर पाठवलं.

सुरुवातीला मी नुसती खाली बघत बसायची. मग एकदा डॉक्टरांनी विचारलं, “दिवसभर कुणाशी बोलता?”

मी आठवायला लागले आणि मला रडूच फुटलं. हे पिंपरीच्या कारखान्यात कायम रातपाळीला. आमची एकच खोली. दिवसा हे झोपणार, म्हणून मी चोरपावलांनी वावरायची. भांडं वाजलं तरी धस्स व्हायचं. शेजारीण दाराशी आली की मीच हातानं खुणावून परत पाठवायची, मग ती यायचीच बंद झाली. संध्याकाळी डबा घेऊन हे गेले की खोलीत मी एकटी. गावाकडं मळ्यातून हाक मारली तर ओढ्यापल्याड ऐकू जायची माझी! फार एकटी पडले होते हो मी, आणि ते सांगायला माणूस नव्हतं.

“हळू बोल, असं ते म्हणायचे का?” डॉक्टरांनी विचारलं.

“आधीआधी म्हणायचे,” मी कुजबुजले. “मग म्हणावं लागलंच नाही.”

असे कितीतरी आठवडे गेले. दिवाळी तोंडावर आली. मी आतल्या आत माहेरची बोचकी बांधायला लागले होते. त्या दिवशी तास संपला, दार उघडलं, तर हे बाकावर मान टाकून गाढ झोपलेले. रात्रभर मशीनवर उभे राहून तसेच मला घेऊन आले होते बिचारे. मी अलगद जाऊन शेजारी उभी राहिले, जाग येईपर्यंत थांबायच्या बेतानं.

“हाक मारा ना,” डॉक्टर म्हणाले.

“झोपलेत.”

“म्हणूनच मारायची.”

मी तोंड उघडलं. “अहो!”

फाटका, घोगरा, पण आवाज! पलीकडे बसलेली बाई दचकली. हे डोळे मिटूनच पुटपुटले, “हळू गं, झोपू दे.”

मग डोळे खाडकन उघडले. “काय म्हणालीस? परत म्हण.” आणि भर दवाखान्यात हे रडायला लागले.

माहेरी जायचं टळलं. त्या डॉक्टरांचे उपकार कसे फेडू? पण खोली तीच आहे आणि रातपाळीही सुटलेली नाही. आता सकाळी घरी आले की हे अंथरुणावर पडून म्हणतात, “बोल काहीतरी.” मी सुरू करते, आणि दोन वाक्यांत ह्यांचा डोळा लागतो. तरी मी बोलतच राहते, चांगली मोठ्यानं.