सुक्या बांगड्यांवर आळ

पाहुण्यांच्या सोलकढीच्या ग्लासावर झुरळ बसलं आणि माझ्या घरगुती खानावळीची अब्रू गेली. ते पळालंसुद्धा नाही. ऑर्डर त्याचीच असल्यासारखं मिशा हलवत थांबलं. पुण्याच्या बाई ताटावरून उठल्या. त्यांचा नवरा मोबाइलवर काहीतरी टाइप करत होता. काय लिहिताय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. ताट वाढण्याआधी टेबलाखाली वाकायचो, मग वर आढ्याकडे बघायचो, मग मिठाचा डबा उघडायचो. लक्ष्मणरेषेचे खडू फिरवून झाले, कणकेत बोरिक पावडर मळून झाली. कुणी जेवताना नुसती मान वळवली तरी फडकं घेऊन धावायचो.

खानावळीचा सगळा स्वयंपाक आईचा. लोक येतात ते तिच्या हाताच्या चवीसाठी. मी नुसता वाढतो आणि बडबडतो. स्वयंपाकघरातल्या फळीवर तिचे सुक्या बांगड्यांचे दोन डबे असायचे. उन्हाळाभर अंगणात बसून, कावळे हाकून तिनं ते वाळवलेले. एका सकाळी त्या डब्यांमागून तीन झुरळं निघाली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन्ही डबे मी माडाच्या मुळात रिकामे केले आणि वर माती लोटली.

"आये, तुझ्या ह्या सुक्याच्या वासानच झुरळां येतत. आतां तू भितर येव नको. मी रांदूक बाई ठेवतंय."

ती पदराला हात पुसून मागच्या पडवीत जाऊन बसली. रुसली असेल, संध्याकाळपर्यंत येईल, असं वाटलं. आली नाही. नव्या बाईच्या हातचं खाऊन नेहमीची माणसं आईची चौकशी करायची. मी सांगायचो, तिची तब्येत बरी नाही.

झुरळं होतीच. शेवटी कुडाळहून फवारणीवाला बोलावला. त्यानं फळ्या, मोरी, फ्रिजची मागची बाजू, सगळीकडे बॅटरी मारली.

"दादानू, हंय काय्येक नाय. माळ्यार काय आसा?"

माळ्यावर माझी खोकी होती. मुंबईचा भाऊ चतुर्थीला येतो तो सामानाची खोकी घेऊन, आणि जाताना त्यांतल्याच काही खोक्यांतून नारळ, आमसुलं, काजू जातात; उरलेली माळ्यावर. त्यामुळे आमच्याकडे खोकं कुणी टाकत नाही, आणि ती जपण्यात माझा हात धरणारा गावात नसेल. फवारणीवाल्यानं एक खाली ओढून पुठ्ठ्याची घडी उलगडली. आत झुरळंच झुरळं, आणि त्यांची अंडी. भावाच्या घरची झुरळं मी वर्षानुवर्षं डोक्यावर सांभाळली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि माझा संन्यासी म्हणजे माझी आई. मला माझीच लाज वाटली.

खोकी परसात जाळली. फवारणी झाली, स्वयंपाकघर घासून काढलं. मग पडवीत गेलो.

"आये, झुरळां माझ्या खोक्यांत होती. चुकलंय मी. चल, रांदूक चल."

ती लगेच उठली. मागून तिच्या पावलांचा आवाज आला तसं मला हायसं वाटलं. मी आत जाऊन शेगडी पेटवली आणि वळून बघितलं, तर ती दारातच उभी होती. त्या स्वयंपाकघरातली प्रत्येक बरणी तिनं लावलेली.

"झिला," तिनं विचारलं, "मी भितर इलंय तर चलात मा?"