लाल पेडलची जोडी

सन २०२२. माझं वय अडुसष्ट, अन् उजवा खांदा आखडलेला. खंजिरी छातीच्या वर जाईना.

आमच्या भजनी मंडळाचा नियम हाये. जो काही वाजवते तोच सतरंजीवर बसते. जो वाजवत नाही तो मागं भिंतीले टेकून ऐकते. पेटीच्या डाव्या हाताची जागा माझी. त्याच्या आधी माझ्या बापाची. माझा साडभाऊ, म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, त्या जागेकडे असा पाहे जसं शेजाऱ्याच्या वावराच्या धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, पाहतात.

त्याच साली मूर्तिजापूरले एका लग्नात ऑर्केस्ट्रा आला होता. त्यात एक माणूस चार तारांची गिटार पोटावर घेऊन उभा होता. बोटं तेवढी हालत, खांदा जागचा हालत नव्हता. मी पंगत सोडून त्याले गाठलं. म्हणे, हे बेस गिटार. त्याच्याजवळ एक जुनं पडलं होतं. ते अन् त्याचं आवाजाचं खोकं मी घरी आणलं. बैल विकल्यापासून गोठा रिकामाच होता, तिथं बसून शिकलो.

मंडळात पहिल्यांदा वाजवलं तर टाळ-मृदंगात काहीच कळेना. साडभाऊ म्हणे, "भाऊ, वाजवून राहिले का नुसते धरून बसले?"

सगळे हासले. मंडळाचे अध्यक्ष मात्र हासले नाहीत. म्हणाले, "येत्या गुरुवारी ऐकू आलं पाहिजे. आलं तर जागा तुमची. नाही आलं तर मांगं बसा."

ऑर्केस्ट्रावाल्यानं सांगितलंच होतं, की पायाखाली पेडल घ्या, आवाज बदलते. मी अमरावती गाठली.

दुकानदार मोठा सज्जन माणूस. "बैठो चाचा," म्हणाला अन् काचेवर रंगीत डब्ब्या मांडल्या. एक सूर दाखवणारी. मी म्हटलं, मले सूर कळते, डब्बीनं काहून सांगावं? दुसरी जोराचा आवाज दाबे अन् हळूचा उचले. "नवीन माणसाले हीच बरी, चाचा," तो म्हणे. म्हटलं, माझा जोर दाबाले मी तिकीट काढून आलो नाही.

मंग त्यानं लाल डब्बी जोडली. तार छेडली तशी काच थरथरली.

"हेच. दोन द्या."

"दो क्यों? चाचा, दोन्ही एकच काम करतात."

"बैलंही एकच काम करतात," मी म्हटलं.

जनावर असो का काही, मी जन्मात जोडीशिवाय घेतलं नाही. एकटं जुंपलं की औत वाकडं जाते. दुसरी डब्बी त्यानं काढली, तिचा रंग जरा उतरलेला. परत केली. तिसरीचं बटण ढिलं. चौथी बरोबर निघाली: उंची तीच, रंग तोच. मंग भाव कराले मी बैलबाजारातल्या रीतीनं दुपट्ट्याखाली हात धरला, की यानं बोटं दाबून आकडा सांगावा. त्यानं हात आत घातला अन् माझी नाडी पाहून राहिला. "चाचा, तबियत ठीक है ना?" शेवटी भाव तोंडानंच करावा लागला.

गुरुवारी मंदिरात सतरंजीवर बसलो. एका पायाखाली एक, दुसऱ्या पायाखाली दुसरी. गणपतीचं भजन सुरू झालं अन् मी दोन्ही एकदम दाबल्या.

तो आवाज मले लिहिता येत नाही. विहिरीवर जुनं ऑइल इंजिन चालू झालं, अन् त्यात म्हैस पडली, असं समजा. पेटीवाल्याचा भाता हातात राहिला. साडभाऊ टाळ टाकून पायरीपर्यंत गेला. मागच्या गल्लीतल्या म्हशी हंबराले लागल्या, त्या थांबेच ना.

अध्यक्ष कानावर हात ठेवून ओरडले, "बंद करा! बंद करा ते!"

मी बंद केलं. इचारलं, "ऐकू आलं?"

"आलं ना बाप्पा!"

"मंग जागा माझी."

त्यायनं शब्द साऱ्या मंडळासमोर दिला होता. साडभाऊ पायरीवरून म्हणे, "अहो, देवाले तरी बसू द्या आत!" कोणी म्हणे, एकच डब्बी ठेवा. मी म्हटलं, जोडी फुटणार नाही. बराच वेळ खल झाला. शेवटी अध्यक्षांनी निकाल दिला, "भाऊ आत बसतीन, त्यायच्या जागेवर. खोकं बाहेर राहीन, तोंड रस्त्याकडे करून."

मी कबूल झालो. बसायचं मले होतं, खोक्याले नाही. अन् बाहेर ठेवलं तर आवाज एका मंदिरापुरता राहत नाही, साऱ्या गावाले जाते, हे त्यायच्या ध्यानात आलं नव्हतं. मी सांगितलं नाही. पण माझी वायर आखूड. खोकं उंबऱ्यापर्यंतच पोचलं अन् अर्धं आतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून पहिल्या गाडीनं अकोल्याले गेलो अन् चावडीपर्यंत पुरेल एवढी वायर घेऊन आलो.