सुमियातीच्या रंगीत खिडक्या

सेमारांग बंदरातल्या एका मालवाहतूक कंपनीत सुमियाती अकरा वर्षं सर्व्हर सांभाळत होती. यंत्रं कुठे जकार्तात, कुठे मकास्सरला. ही इथे बसून संगणकावरच्या टर्मिनलच्या खिडकीत हुकूम टाइप करायची. खिडक्या सगळ्या सारख्याच दिसतात आणि घोळ एका ओळीत होतो, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं. म्हणून तिने एकेका सर्व्हरची खिडकी नाव घालून जतन केली, अक्षरं चष्म्याला झेपतील एवढी मोठी केली आणि मागे रंग भरले. सरावाचा सर्व्हर हिरवा. खऱ्या कंटेनरांच्या नोंदींचा भडक लाल. लाल दिसलं की हात आपसूक थबकायचा.

नवे साहेब, पाक दानांग, आले ते नाक मुरडतच. तिकडे मानाने पुरुषाला 'पाक' म्हणतात आणि बाईला 'बू'.

"बू सुमियाती, ही काय बालवाडी आहे? उद्या मुख्यालयातून पाहुणे येतायत. सगळं काळं करून टाका."

"पाक, हे शोभेसाठी नाही केलेलं. दोन्ही काळे झाले तर फरक कळायचा नाही."

"वाचता येतं ना? मग नाव वाचायचं!"

तिने सगळं काळं केलं.

दुसऱ्या दिवशी ती जेवायला गेली असताना दानांग पाहुण्यांना घेऊन तिच्याच खुर्चीत बसले. सरावाच्या नोंदी चुटकीसरशी कशा पुसता येतात ते दाखवायला गेले आणि खऱ्या पुसून बसले. सुमियाती हातातला सोतो सुपाचा वाडगा टाकून धावली. जुन्या प्रतींवरून बरंचसं परत आणलं. शेवटच्या दोन दिवसांचं मात्र गेलं ते गेलंच. धक्क्यावर जहाजं खोळंबली.

चौकशीत दानांग म्हणाले, "लॉगिन बूंचं आहे."

"खुर्चीत कोण होतं ते पाहुण्यांना विचारा की!"

"आम्ही पडद्याकडे बघत होतो," पाहुण्यांतला एक म्हणाला.

उठताना संगणक बंद न केल्याचा हलगर्जीपणा, असं तिला दिलेल्या ठपक्याच्या पत्रात लिहिलं होतं. तेवढं खरं होतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं. तिने सही केली. तिची बदली प्रिंटरची शाई सांभाळायला झाली.

सहा महिन्यांनी दानांग बढतीवर जकार्ताला निघाले. निरोपाला तुंपेंग, म्हणजे पिवळ्या भाताचा उंच शंकू, रचला होता. त्याचं मानाचं टोक कापून त्यांनी सर्वांदेखत सुमियातीच्या ताटात वाढलं.

"बू, मनात काही ठेवू नका हं."

टाळ्या पडल्या. तिच्या नोकरीची अजून नऊ वर्षं बाकी होती. ती भात खाऊ लागली.