लाल लोकरीचा गुंडा

‘तू गिधाड,’ बाई म्हणाल्या आणि पुठ्ठ्याची पाटी त्यांनी माझ्या गळ्यात अडकवली.

मी सुगरण पक्ष्याची पाटी मागितली होती. सगळ्यांत आधी हात माझाच वर होता. सुगरण एका वकिलाच्या मुलीला मिळाली.

आम्ही पाचवीत होतो. नांदेडच्या आमच्या खाजगी शाळेचं मुक्कामी निसर्ग शिबिर होतं, अर्धापूरजवळ, केळीच्या बागेत. मी पहिल्यांदाच घराबाहेर झोपणार होते. आईनं त्यासाठी नवी चादर घेतली होती. दिवसभर बाईंनी झाडं दाखवली, वारूळ दाखवलं, बगळा चिखलात काय शोधतो ते सांगितलं. बाई मला लई आवडायच्या. हे आधीच सांगते, कारण परक्या माणसाचा शब्द एवढा लागत नाही.

संध्याकाळी खेळ होता. गोल करून उभं राहायचं. प्रत्येकाच्या गळ्यात पाटी: गवत, टोळ, बेडूक, साप. लाल लोकरीचा गुंडा एकानं दुसऱ्याकडं फेकायचा, पण आपल्या हातातला धागा सोडायचा नाही. असं करत मधे जाळं तयार होतं. एकानं जरी धागा सोडला तरी सगळं जाळं ढिलं पडतं. निसर्गात सगळे एकमेकांना कसे बांधलेले आहेत, ते शिकवायचा हा खेळ.

गुंडा माझ्यापर्यंत आला. गिधाडाचं मला तोवर काही वाटलं नव्हतं. केवढं मोठं पाखरू ते.

मग बाई समजावू लागल्या. ‘मेलेलं जनावर गिधाड साफ करतं. निसर्गात ज्याचं त्याचं काम ठरलेलं असतं, म्हणून समतोल राहतो. आपल्या जुन्या गावांतही असंच होतं बरं का. सुतार होता, कुंभार होता. मेलेली ढोरं ओढणारेही होते.’ त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. प्रेमानंच ठेवला. ‘हिला विचारा. हिचे पणजोबा वगैरे तेच करायचे. हो ना गं?’

पोरं हसली. एकानं नाकाला रुमाल लावला.

बाईंना अर्धंच ठाऊक होतं. बिलोलीकडच्या आमच्या गावात माझा पणजोबा ढोरं ओढायचा, खरं आहे. छप्पन साली त्यानं धम्म घेतला. पुढं पाटलाचा बैल मेला तेव्हा त्यानं हातातला दोर चावडीसमोर खाली टाकला. गावानं किराणा तोडला, पाणी तोडलं. घरानं रानातल्या तरोट्याच्या भाजीवर दिवस काढले, पण दोर कुणी उचलला नाही. ही गोष्ट सांगताना आजोबांचा आवाज बदलायचा. आमच्याकडं ना जमीन ना सोनं. वडिलोपार्जित म्हणावं असं एवढंच.

मी धागा सोडला. जाळं माझ्या बाजूनं लोंबकळलं.

‘उचल तो,’ बाई म्हणाल्या.

‘न्हाई उचलत.’ शाळेत मी जपून ‘नाही’ म्हणायची. त्या वेळी घरचंच तोंडात आलं. ‘आमच्या पणजोबानं टाकलाय.’

बाईंनी खेळ थांबवला आणि अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन लावला. त्यानंतर माझ्याशी कुणी बोललं नाही. नव्या चादरीत तोंड खुपसून मी पडून राहिले.

सकाळी अप्पा आले. अप्पा गॅरेजात मिस्त्री. जयंतीला वस्तीच्या स्टेजवर छाती काढून भाषण करणारे. मी बाईंसमोरच त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, आता अप्पा बोलतील.

‘मी वाईट काय बोलले?’ बाई म्हणाल्या. ‘सगळी कामं श्रेष्ठच असतात. पण मुलीला शिस्त नसेल तर दुसरी शाळा बघा.’

अप्पांनी हात जोडले. ‘लेकराचं चुकलं, मॅडम. पदरात घ्या.’

लोकर कालपासून गवतात तशीच पडली होती, गुंता होऊन. कुणी सांगितलं नव्हतं, तरी अप्पा उकिडवे बसले आणि ती गोळा करू लागले. ऑइलनं काळ्या पडलेल्या नखांनी गाठी सोडवत, काड्या वेचत. पोरं दात घासत बघत होती. नीट गुंडा करून अप्पांनी तो दोन्ही हातांनी पुढं धरला.

‘ठेवा तिथं,’ बाई म्हणाल्या.

माझं काळीज फाटलं ते तिथं. बाईंमुळं नव्हे, अप्पांमुळं. पणजोबानं टाकलेलं माझ्या बापानं वाकून उचललं. आणि माझ्यासाठी उचललं, म्हणून रागही धरता येईना. गाडीवर त्यांच्या पाठीला तोंड लावून मी रडले. घर आलं तसे ते एवढंच म्हणाले, ‘आजोबाला सांगू नको.’

नाही सांगितलं. आजोबा गेले, तरी सांगितलं नाही. त्याच शाळेत दहावीपर्यंत मान खाली घालून शिकले.

आता मी लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करून राहिले. परवा अप्पांचा फोन आला. माझी धाकटी बहीण यंदा पाचवीत आहे. शाळा तीच. शिबिर जवळ आलंय, बाईही त्याच.

‘धाडू का गं तिला?’ आवाज अगदी बारीक.

‘धाडा. पण आधी मी येते.’

‘वाद घालू नको, माय.’

घालणार. अप्पांना शाळेच्या फाटकाबाहेर थांबवणार नाही, संगट नेणार. त्यांनी तेव्हा मागितलेली माफी आमची नव्हती. ती मी परत घेणार, आणि बाईंनी अप्पांची मागायची, पोरांच्या देखत. धाकटीचा दाखला हातात देतात तर देऊ द्या. धाकटी शिबिराला जाईल तर सुगरण होऊन जाईल, टोळ होऊन जाईल, तिच्या मनाला येईल ते होऊन जाईल. माझा बाप पुन्हा त्या गवतात बसणार नाही.