मोडीत काढलेला हत्तीदिवा

बारामतीला छोट्या आगगाडीतून उतरलो, तेव्हा अंगावर कोळशाची काजळी होती आणि खिशात पुण्याच्या एका सरदारांची चिठ्ठी. मी चित्रकलेचा मास्तर. सुटीत त्यांच्या संग्रहासाठी जुन्या पितळी वस्तू शोधत फिरतो. ज्या वकीलमित्राकडे उतरलो, तो म्हणाला, "इंदापूरला एका शेतकऱ्यानं हत्तीदिवा मोडीत दिलाय, वितळवायला. उद्या भट्टी लागेल."

दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या सर्व्हिस मोटारीचं चाक वाटेतच फुटलं. ते बदलेपर्यंत शेजारच्या मळ्यातल्या म्हातारीनं आम्हा उतारूंना ज्वारीची भाकरी नि वांग्याचं भरीत दिलं. भरीत झकास होतं, पण मी भाकरी हातात घेऊन चाकापाशीच उभा राहिलो.

इंदापुरात पोचलो, तर धातू ओतून वस्तू घडवणाऱ्या आबा ओताऱ्यांच्या अंगणात भट्टी फुलली होती. शेजारी पितळी हत्ती आडवा पडला होता, टांगायची साखळी पायांत गुंडाळलेली. दिव्याचे मालक नामदेवराव उकिडवे बसले होते.

"हा वितळवू नका," मी धापा टाकत म्हणालो.

"तेल गळतंय त्याचं," नामदेवराव म्हणाले. "देवळाला घंटा पायजे. ह्यो नुसता पडून हाय."

मी हत्ती उजेडात धरला. पाठीवरच्या माहुताच्या पगडीची घडीन् घडी उमटली होती. हत्तीनं मान किंचित वळवली होती, माहुतानं आत्ताच हाक मारल्यासारखी. "हे सगळं आधी मेणात बोटांनी घडवलंय," मी बोलत गेलो. "त्यावर मातीचा साचा चढवून, मेण वितळवून त्या जागी पितळ ओततात. साचा फोडला की तसा दुसरा होत नाही."

"खरं हाय," आबा म्हणाले. "असं मेण मलाबी जमायचं न्हाय."

नामदेवरावांनी दिवा घेऊन बराच वेळ फिरवून पाहिला. "जल्मापासनं ह्याच्या उजेडात जेवलो. ह्यो मागं बघतोय, ते आज दिसलं."

दिवा विकत मागायला मी सरदारांची चिठ्ठी काढली. पुण्यात काचेच्या कपाटात तो जपला जाईल, असं सांगितलं.

"न्हाय मास्तर, आता घरीच नेतो," ते म्हणाले आणि आबांकडे वळले. "गळती बुजवा. घंटेला फुटकी भांडी आणतो."

मला स्वतःचाच राग आला. इतकं बोललो नसतो, तर हत्ती माझ्या पिशवीत असता. आबांनी भोक बुजवलं, तेल घालून पाहिलं. थेंब गळला नाही. नामदेवरावांनी दिवा उपरण्यात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन ते बैलगाडीत बसले. ते पाहताना राग ओसरला. मुलांना वर्षानुवर्षं 'नीट बघा' म्हणत आलो. नीट पाहिलेली वस्तू सोडवत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

पुण्यात सरदारांनी विचारलं, "हत्ती कुठं आहे?"

"त्याच्या घरी," मी म्हणालो.