पाणी संपल्याचा दिवा

सासूबाई गेल्या त्याला दोन वर्षं होत आली. त्यांना शहापूरला दवाखान्यात नेताना आमची गाडी वाटेत बंद पडली. पुढे त्याच गाडीला माझ्या नवऱ्याने पाणी कमी झालं की लागणारा दिवा बसवून घेतला. दिवा चांगला चालतो.

गाडी पन्नास वर्षांची, फिकट निळी. हे कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर कल्याणच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून त्यांनी ती आणली आणि आमच्या रिकाम्या गोठ्यात ठेवली. गावातल्या तीन-चार मुली तिच्यातूनच सासरी गेल्या. बॉनेटला कुणी टेकलेलं ह्यांना खपायचं नाही. एकदा मी म्हटलं होतं, गाडीतून कसलासा आवाज येतोय. तर चार माणसांत म्हणाले, "तुला काय कळतंय गाडीतलं? तू तुझी चूल बघ." त्यानंतर गाडीबद्दल मी तोंड उघडलं नाही.

सासूबाईंच्या छातीत पाणी झालं होतं, गोळ्या चालू होत्या. चैत्रातली दुपार होती. जेवण झालं आणि त्यांना एकदम धाप लागली. ओठ काळे पडले. शेजाऱ्यांची नवी गाडी त्यांच्या दारातच उभी होती, ते चावी घेऊन धावत आले.

"माझी न्या," ते म्हणाले.

"आपली हाय ना," हे म्हणाले. "आयला तिचीच सवय हाय."

मी सासूबाईंना धरून मागे बसले. "काच खाली कर गो," त्या म्हणाल्या. काच खालीच होती.

शेणवा गाव जवळ आलं तसा गाडीत गोडसर वास यायला लागला. गरमीचा काटा वर चढत होता आणि हे सारखे तिकडे बघत होते. मग काटा भरभर खाली आला. "झाली थंड," ते म्हणाले आणि त्यांनी गाडी आणखी पळवली. पुढे मेकॅनिकने सांगितलं, काटा उतरला तो पाणीच उरलं नव्हतं म्हणून. पाणी असेल तरच त्याला गरमी कळते. शेणवा सोडून थोडं पुढे गेलो आणि इंजिन आतून ठोके द्यायला लागलं. मग जागच्या जागी थांबलं.

रस्त्यावर सावलीचं झाड नव्हतं. हे बॉनेट उघडून नुसते उभे. मी पदराने सासूबाईंना वारा घालत होते. एकामागून एक दोन गाड्या न थांबता गेल्या. शेवटी गवताचे भारे भरलेला एक पिकअप थांबला. त्या ड्रायव्हरने आणि ह्यांनी मिळून त्यांना उचलून पुढे बसवलं, मी शेजारी, हे मागे भाऱ्यांवर. सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. शहापूर यायच्या आधी कधीतरी त्यांचा हात सैल पडला. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं आणि हॉर्न वाजवत राहिला.

डॉक्टरांनी तपासलं. "थोडं आधी आणायला हवं होतं," एवढंच म्हणाले. ते बहुतेक सगळ्यांनाच तसं म्हणत असतील. पण ते ऐकून हे भिंतीला टेकून खाली बसले.

माझा दीर बदलापूरला असतो. तेराव्याला जेवणं आटपल्यावर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, शेजाऱ्याची गाडी दारात होती. तुझ्या हौशीपायी आय गेली." दीर-जाऊ त्याच दुपारी निघून गेले आणि नंतर फोनही बंद झाला.

सगळ्यांनी सांगितलं, गाडी भंगारात काढा. ह्यांनी ऐकलं नाही. पावसाळाभर इंजिन खोलून पडलं होतं. ते जोडून झाल्यावर मुरबाडच्या रेडिएटरवाल्याकडून त्यांनी पाण्याच्या टाकीच्या वरच्या अंगाला पितळेचा एक नट डाख देऊन बसवून आणला. त्यात एक सळी. पाणी सळीला लागून असलं की दिवा बंद, पाणी खाली गेलं की स्टेअरिंगजवळ लाल दिवा लागणार आणि बझर वाजणार. वायरी त्यांनी स्वतः ओढल्या. दोन आठवडे गोठ्यातून बाहेर पडले नाहीत, जेवायलासुद्धा हाका माराव्या लागायच्या.

मग एका सकाळी मला बोलावलं. "बस आत. लाल दिवा लागला का सांग."

ते वाकून खालचा नळ सोडत होते. बादलीत इंजिनचं हिरवट पाणी पडल्याचा आवाज येत होता. दिवा लागला, बझर ओरडायला लागला. मी दिव्याकडे बघत बसले. हे उठून खिडकीशी आले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"आय गेली त्याच्या आधी गोठा झाडताना गाडीखाली ओल दिसायची," मी म्हणाले. "हिरवट. मी राख टाकून झाडून काढायचे."

त्यांनी चावी फिरवून बझर बंद केला. "किती दिवस?"

"चार."

"बोलली का नाय?"

"तुमी चिडला असता."

बादलीतलं पाणी त्यांनी सावकाश परत आत ओतलं. मला वाटलं, आता रडतील, किंवा मारतील. त्यांनी झाकण लावलं आणि हात धुतले.

दिवाळीनंतर दीर-जाऊ अचानक आले. भाऊ भाऊ गळ्यात पडून रडले. हे धाकट्याला गोठ्यात घेऊन गेले, दिवा लावून दाखवला, विझवून दाखवला. "भारी केलंस, दादा," दीर म्हणाला. मला बरं वाटलं. मी चहा केला. जावेने कप हातात घेतला नाही. "ठेवा तिथं," म्हणाली, आणि चहा तसाच निवला. जाताना दीर दारात थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, चार दिवस? एक शब्द बोलायचा ना."

ते गेल्यावर मी ह्यांना विचारलं, "तुमी त्याला फोन करून सांगितलंत?"

"भाऊ हाय तो माझा. किती दिवस तोंड फिरवून बसायचं?"

"आणि चूल बघ म्हणाला होतात, ते सांगितलंत?"

"ते राहिलं," म्हणाले.

पुढे पौषात म्हसा गावच्या जत्रेला आम्ही चौघं त्याच गाडीतून गेलो. भाऊ भाऊ पुढे बसून बोलत होते. मी आणि जाऊ मागे, मध्ये पिशव्या. मुरबाड येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ह्यांनी ते आरशात बघितलं, आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले.