योग्य उमेदवार मिळाला नाही म्हणे!

त्या दिवशी बोईसरला फर्स्ट शिफ्ट संपवून सालवडच्या खोलीवर आलो, तर दाराच्या फटीत युनिव्हर्सिटीचं पाकीट अडकलेलं... इंटरव्ह्यूचा कॉल! केमिस्ट्रीच्या लेक्चररची जागा, अनुसूचित जमातीसाठी राखीव.

सत्त्याऐंशीची गोष्ट असेल. मी रंगाच्या कारखान्यात लॅब केमिस्ट होतो, बोटं कायम लाल-पिवळी. आमच्या पाड्यावरचा पहिला एमएस्सी... आणि मला शिकवायचं होतं, बस.

याच जागेसाठी आदल्या वर्षीही गेलो होतो. तेव्हा विचारलं काय? गाव कुठलं, दाखला आणलाय का, आणि "वारली ना तुम्ही? मग चित्रं काढता का?" पाच मिनिटांत बाहेर. पुढे पेपरात तीच जाहिरात पुन्हा आली... योग्य उमेदवार न मिळाल्यामुळे!

या वेळीही तसंच. दाखला उलटापालटा करून बघितला आणि अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे, या तुम्ही."

मी उठलोच नाही. कुठून धीर आला कोण जाणे... म्हणालो, "सर, मला केमिस्ट्रीतला एक तरी प्रश्न विचारा."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी बाहेरून बोलावलेल्या एका वयस्कर तज्ज्ञांनी विचारलं, "डायझोटायझेशन करताना बर्फ का लागतो?"

अहो, रंग बनवण्याची ती पायरी तर मी कारखान्यात रोज करत होतो! सरळ फळ्याशी गेलो. तापमान पाच डिग्रीच्या वर गेलं की संयुग फुटतं, नायट्रोजन उडून जातो, पुढे रंग नीट तयारच होत नाही... ते विचारत गेले, मी लिहीत गेलो. अर्धा तास.

"यांना विषय येतो," तज्ज्ञ बाकीच्यांना म्हणाले. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "हो, पण इंग्रजी जरा कच्चं वाटतं."

दीड महिन्याने पत्र आलं. जागा भरलेली नाही. कारण तेच, शब्दही तेच.

खरं सांगू? तेव्हा राग आलाच नाही. लाज वाटली... आपलंच काहीतरी कमी पडलं असेल. रविवारी गावी गेलो. बाबा लावणीसाठी भाताचं आवण, म्हणजे रोपं, काढत होते. मान खाली घालून त्यांना सांगितलं.

ते चिखलातच उभे राहिले. "मंग ती जागा दिली कोनाला?"

"कोणालाच नाही, बाबा. रिकामीच ठेवली."

"रिकामी? दोन वरीस? मंग तिथल्या पोरांना शिकवतं कोन?"

अंगठा उठवणाऱ्या माझ्या बापाला जे पाच मिनिटांत सुचलं, ते त्या टेबलापलीकडच्या एकाही डॉक्टरेटवाल्याला सुचलं नव्हतं? की सुचलं होतं आणि तरीही...

त्याच संध्याकाळी कुलगुरूंना पत्र लिहिलं. बाबांचा प्रश्न, जसाच्या तसा. उत्तर कधीच आलं नाही.

पुढे पालघरला ज्युनिअर कॉलेजात लागलो, रिटायर होईपर्यंत शिकवलं. माझी मुलं म्हणतात, आता तरी सोडा तो इंटरव्ह्यूचा विषय.

नाही सोडणार. युनिव्हर्सिटीच्या त्या पत्रापायी मी स्वतःलाच नालायक समजत जन्म काढला असता... बाबांनी मला चिडायला शिकवलं, त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.